घटनेप्रमाणे चालणारा कोंडवाडा

उंबरदरा नावाच्या गावात सखाहरी नावाचा एक भोळा माणूस होता. इतका भोळा, की कुणी "जरा दम धर" म्हटलं तर नाक दाबून उभा राहायचा.

गावच्या कोंडवाड्याचा तो राखणदार. लोकांच्या पिकात शिरलेली मोकाट जनावरं धरायची, कोंडवाड्यात घालायची आणि मालक येईपर्यंत सांभाळायची, हे त्याचं काम. तो ते जीव लावून करायचा. जनावरांचाही त्याच्यावर लोभ. तो धरायला गेला की बकऱ्या पळायच्या नाहीत, उलट त्याच्याच मागं यायच्या.

संविधान दिनाला शाळेत कार्यक्रम झाला. सरपंच इंदुताईंनी नागरिकांचे हक्क आणि कर्तव्यं यांवर भाषण केलं. बाकी गाव चहाची वाट बघत होतं. सखाहरी एकटा कान देऊन ऐकत होता. भाषण संपल्यावर तो ताईंकडं गेला आणि हे सगळं खरंच पाळायचं असतं का, असं त्यानं विचारलं.

इतक्या वर्षांत ताईंना हे कुणी विचारलं नव्हतं. त्या हरखून गेल्या. म्हणाल्या, "पाळायचंच. आजपासून आपला कोंडवाडासुद्धा घटनेप्रमाणे चालव. पहिली गोष्ट समानता. लहान-मोठा भेद नाही. सगळ्यांना सारखं."

"बरं ताई," सखाहरी म्हणाला.

त्या दिवशी कोंडवाड्यात एक म्हैस, एक बकरी आणि एक चुकार कोंबडी होती. सखाहरीनं तिघींपुढं कडब्याची एकेक पेंढी टाकली. बकरीनं शेंडा कुरतडला. कोंबडी पेंढीखाली गेली ती गेलीच. म्हशीनं आपली पेंढी संपवली आणि ती हंबरायला लागली. शेवटी ताई आल्या. त्यांनी आधी कोंबडीला पाय धरून बाहेर काढलं. मग सखाहरीला समजावलं, की समानता म्हणजे पेंढ्या मोजणं नव्हे. म्हैस मघापासून ओरडतेय, तिचं ऐकायला नको का? "बोलायचं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे. कुणाचं तोंड दाबायचं नाही. बोलू द्यायचं."

"बरं ताई," सखाहरी म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात कोंडवाड्याशेजारच्या पटांगणात ग्रामसभा भरली. ताई पाण्याच्या टाकीवर बोलायला उभ्या राहिल्या आणि कोंडवाड्यातलं कुंभाराचं गाढव ओरडायला लागलं. लोकांनी सखाहरीला खुणा केल्या, की त्याचं काहीतरी कर. सखाहरी आत गेला. गाढवाला घेऊन आला. थेट मंचावर नेलं आणि ताईंच्या हातातला माईक घेऊन त्याच्या तोंडासमोर धरला.

"बोल," तो म्हणाला. "सगळे ऐकतायत."

गाढव बोललं. भरपूर बोललं. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्याला आणखी जोर चढला. टाकीचा ठराव राहिला तो राहिलाच.

सभा उधळल्यावर ताईंनी सखाहरीला बाजूला घेतलं. स्वातंत्र्यालाही हद्द असते, हे त्यांनी परोपरीनं सांगितलं. "आपलं स्वातंत्र्य दुसऱ्याच्या दारापर्यंत. तिथं थांबायचं. पाऊल आत टाकायचं नाही."

"बरं ताई," सखाहरी म्हणाला.

दोन दिवसांनी एक उधळलेली म्हैस शाळेच्या स्वयंपाकघरात घुसली. सखाहरी तिच्या मागं जिवाच्या आकांतानं धावत आला आणि दारात थांबला. चपला काढल्या. हात बांधून उभा राहिला. आत म्हशीनं मुलांची खिचडी संपवली, पातेलं चाटलं, मग मांडणी पाडली. स्वयंपाकाच्या बाई तांदळाच्या कोठीवर चढून त्याला हाका मारत होत्या. माझी हद्द इथंच संपते, असं सखाहरी त्यांना बाहेरूनच अदबीनं सांगत होता.

ताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, शाळा सार्वजनिक मालमत्ता आहे. ती जपणं तुझं कर्तव्य आहे. नासधुशीची शंका आली की आधी दार लावायचं आणि कुलूप ठोकायचं."

"बरं ताई," सखाहरी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुलूप घेऊन सार्वजनिक मालमत्ता शोधत गावभर फिरला. त्याला फारसं वाचता येत नव्हतं, पण 'सार्वजनिक' हा शब्द एका पाटीवर आहे, हे ठाऊक होतं. ती पाटी शौचालयावर होती. लोक रोज तिथं आत-बाहेर करतात, हे बघून त्याला नासधुशीची शंका आलीच. त्यानं बाहेरची कडी लावली, कुलूप ठोकलं आणि राखण करत बसला.

आत पोलीस पाटील होते. त्यांनी दार बडवलं. सखाहरीनं त्यांना बाहेरून धीर दिला, की काळजी करू नका, मालमत्तेला काही होत नाही. ऊन डोक्यावर आल्यावर ताईंनी येऊन कुलूप उघडायला लावलं.

पोलीस पाटील बाहेर आले. त्यांनी सखाहरीची बखोटी धरली आणि एकेक शब्द चावून म्हणाले, "कारण सांगितल्याशिवाय कुणाला धरता येत नाही. आणि धरलंच, तर चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढं उभं करावं लागतं. घटनेत आहे. कळलं?"

ताई म्हणाल्या, आता आणखी एक चूक झाली तर कोंडवाड्याची किल्ली दुसऱ्याकडं जाईल. सखाहरीचे डोळे भरून आले. दुसरा माणूस जनावरांना मारील, उपाशी ठेवील. आता घटनेचा कानामात्राही चुकवायचा नाही, असं त्यानं ठरवलं.

मग एका दुपारी भिंगऱ्या सापडला. भिंगऱ्या म्हणजे खुद्द ताईंचा बैल. अंगानं दांडगा, डोक्यानं तापट. तो पोलीस पाटलांच्या हरभऱ्यात उभा राहून चरत होता. सखाहरीनं त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, "पाटलांचा हरभरा खाल्ला म्हणून तुला धरलंय." भिंगऱ्यानं माशी उडवायला मान हलवली. सखाहरीला वाटलं, कबूल आहे.

ताई परगावी गेल्या होत्या. बैल सोडवायला कुणी आलं नाही. सखाहरीला वेळेची धास्ती पडली. उजाडताच तो भिंगऱ्याला घेऊन तालुक्याला निघाला, चालत. कोर्टाच्या दारात शिपायानं अडवलं. आरोपी आणलाय, असं सखाहरीनं सांगितलं. शिपाई वाकून बैलाच्या मागं आरोपी शोधू लागला, तेवढ्यात दोघं आत गेले.

न्यायाधीश सकाळपासून बांधाच्या भांडणाचं एकच प्रकरण ऐकत होते. त्यांनी चष्मा वर केला आणि हे काय म्हणून विचारलं.

"आरोपी आहे, साहेब," सखाहरी म्हणाला. "कारण सांगितलंय. चोवीस तासांच्या आत आणलाय."

वकील हसायला लागले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी सखाहरीकडून सगळी हकिकत ऐकून घेतली. मग ते शांतपणे म्हणाले, की हे कलम जनावरांना लागू नाही, आणि या बैलाला अटक करायचं काही कारण कोर्टाला दिसत नाही.

"सोडून दे त्याला," ते म्हणाले.

सखाहरीनं हात जोडले. आजवरच्या नोकरीत त्याला कुणी असं नीट, सोपं सांगितलं नव्हतं. तो खाली वाकला आणि त्यानं तिथल्या तिथं दावं सोडलं.

भिंगऱ्यानं चहूकडं बघितलं. जिकडंतिकडं काळे डगले. त्यानं शिंगं खाली केली. वकील खिडकीतून गेले. कारकून टेबलाखाली गेला. बांधावरून भांडणारे दोघं सख्खे चुलतभाऊ आरोपीच्या पिंजऱ्यात शिरले आणि एकमेकांना घट्ट धरून बसले. न्यायाधीश खुर्चीवरून टेबलावर चढले आणि तिथून त्यांनी सखाहरीला हाक मारली, की धर, आधी त्याला धर.

सखाहरी जागचा हलला नाही. हात जोडून तो अदबीनं म्हणाला,

"धरतो की, साहेब. पण कारण काय सांगू त्याला?"