रडला की आईकडे

एका गावात केरबा नावाचा एक भोळा पोरगा होता. म्हशी राखता राखता त्याला लहान पोरांचा फार लळा लागला, म्हणून तो विद्यापीठात बालविकास आणि कुटुंब अभ्यास शिकायला गेला. वडिलांनी बजावलं, नापास झालास तर पुन्हा गोठ्यात. केरबाने ठरवलं, मॅडम सांगतील त्याच्या तसूभरही बाहेर जायचं नाही. तिथेच घात झाला.

इंगवले मॅडम म्हणाल्या, बालवाडीत बसून मुलांचं निरीक्षण कर, मध्ये पडू नकोस. तिथल्या चिंगी नावाच्या पोरीने सगळ्या पोरांचं दूध वाळूत ओतलं आणि लाडू वळले. केरबा मांडी घालून बघत राहिला. लाडू बरे झाले होते, असंही त्याने मॅडमना सांगितलं.

मॅडमनी कपाळाला हात लावला. नुकसान दिसलं की हातातली वस्तू हळूच काढून घ्यावी आणि बदल्यात खेळणं द्यावं, असं समजावलं.

"व्हय मॅडम," केरबा म्हणाला.

मग कुटुंबभेटीसाठी तो सपकाळांच्या घरी गेला. आजोबा अंगणात वस्तऱ्याने मिशी काढत होते. निम्मी गेली होती. एवढी झुबकेदार मिशी, केरबाला नुकसान दिसलं. त्याने वस्तरा हळूच काढून घेतला, आजोबांच्या हातात खुळखुळा दिला आणि वस्तरा आणून मॅडमच्या टेबलावर ठेवला. आजोबांना नातीच्या साखरपुड्याला अर्ध्या मिशीने बसावं लागलं.

मॅडम म्हणाल्या, अरे बाबा, समोर माणूस दिसला की आधी वाकून नमस्कार करावा, शेजारी बसावं, जुन्या आठवणी विचाराव्या.

"व्हय मॅडम."

बालवाडीच्या दारात अडीच वर्षांच्या बंटीने आईसाठी भोकाड पसरलं होतं. केरबा त्याच्या पाया पडला, शेजारी बसला आणि म्हणाला, "तुमच्या काळी कसं होतं?" बंटी दचकून आणखी मोठ्याने रडला. मग सगळी बालवाडी रडली. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण केरबाला शहाणा कोण म्हणणार.

"केरबा, रडणाऱ्याला काही विचारत बसायचं नसतं," मॅडम दमून म्हणाल्या. "उचलायचं आणि थेट आईकडे पोचवायचं."

"व्हय मॅडम."

परीक्षा आली. बाहेरगावचे परीक्षक मोहोळकर सर आले. चांगले वजनदार गृहस्थ. जेवताना त्यांनी भाजी समजून ठेच्याचा मोठा घास घेतला. डोळ्यांतून धारा लागल्या, तोंडातून शब्द फुटेना. केरबाने काही विचारलं नाही. रेडकू उचलावं तसं सरांना उचललं, त्यांच्याच गाडीत घातलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, सरांच्या आईकडे चल. ड्रायव्हर घाबरला. सरांचं काही खरं नाही असं समजून त्याने गाडी पळवली. वाटेत सर ओरडायला लागले, तेव्हा आजारी माणूस बरळतोच, असं ड्रायव्हर म्हणाला. केरबाने सरांना थोपटलं. "आलीच हं आई."

शेजारच्या तालुक्यात एका म्हातारीने दार उघडलं. सरांचे लाल डोळे बघून ती म्हणाली, "पुन्हा नापास झालास व्हय रं?"

"आई, नापास हा झालाय," सर केरबाकडे बोट दाखवून म्हणाले.

"मग रडतोयस तू?"

नापास म्हटल्यावर केरबाचं काळीज हललं. एवढं शिकून पुन्हा म्हशी. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण शिकवलेलं तो विसरला नव्हता. तो सरांच्या गाडीत बसला, ड्रायव्हरला आपल्या गावचा रस्ता सांगितला आणि थेट आईकडे निघून गेला. सर पायरीवरच उभे राहिले, आणि तिकडे विद्यापीठात उरलेला वर्ग त्यांची वाट बघत बसला.