मानाची पाचवी

त्या राज्याला चार भिंती होत्या आणि आभाळाला कडी होती. रोज सकाळी कडी वाजे, आभाळ उघडे आणि वरून हात येई. हातात बांगड्या होत्या, त्याला खोबरेलाचा वास होता. तोच दाणे घाली, तोच पाणी भरी. म्हणून तिथले सारे हॅमस्टर त्याला देव मानत.

पिल्लं झाली की पाचव्या दिवशी घरटं उघडं ठेवायचं, ही तिथली रीत. हात एकेकाला उचले, मायेने गोंजारी, परत ठेवी. मग आई पिल्लांना हुंगे. अंगाला आपला वास नाही, नुसतं खोबरेल. परकी समजून ती त्यांना खाऊन टाकी. लोक आईलाच पांढऱ्या पायाची म्हणत. क्वचित एखादं वाचे, ती मात्र हाताची कृपा.

दुर्पीने बहिणीची पाचवी डोळ्यांनी पाहिली होती. म्हणून ती स्वतः पहिलटकरीण झाली तेव्हा तिने मनाशी निश्चय केला: माझ्या लेकरांना हात लागू द्यायचा नाही.

पाचव्या दिवशी कडी वाजली. दुर्पीने पाचही पिल्लं गालांच्या पिशव्यांत भरली आणि कोपऱ्यात बसून राहिली. दाणेच भरले असतील, असं कोणालाही वाटावं.

हाताने कापूस चाचपला. घरटं रिकामं. त्याला दया आली असावी. त्याने तिच्यापुढे सूर्यफुलाची बी धरली. प्रसाद तिथल्या तिथे तोंडात घ्यायचा असतो. दुर्पीने मान फिरवली.

"घे की गं," सगळ्यांत म्हातारी गोदाआत्या म्हणाली. तिची तीन बाळंतपणं झाली होती, लेकरू एकही नव्हतं. "पोरं खाल्लीस ती चालली, आणि बी नको होय?"

दोघी-तिघी हसल्या. दुर्पीने तोंड मिटूनच ठेवलं. हातही मायाळू, हटेना. तिच्या फुगल्या गालांवरून बोट फिरवत राहिला. आत वळवळ झाली, मग थोडी कमी, मग थांबली. शहाणी बाळं झोपली, असं तिला वाटलं.

कडी लागली. दुर्पीने पिल्लं कापसावर ठेवली, एकेकाला हुंगलं. वास तिचाच होता. तिने त्यांना चाटलं, पोटाशी घेतलं, पुन्हा चाटलं. एकही हललं नाही.

गोदाआत्याने वाकून पाहिलं. "मानाचा हात लागला नाही," ती हळूच म्हणाली, "मग जगतील कशी?"

सगळ्यांना ते पटलं. शेजारी दिवस भरत आलेली रखमा कापूस सारखा करत होती. तिने ते ऐकलं, आणि आपल्या घरट्याचं तोंड कुरतडून रुंद केलं, हात सहज आत जाईल इतकं.