कातळावर ओतलेलं पाणी

एका सड्यावर एकदा एक मुलगी स्वतःच्या हातांनी घर बांधायला निघाली. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा जांभा कातळ. माती नखभर, सावली त्याहून कमी. विजेची तार तिथवर पोचलेली नव्हती, नळाचं तर नावच नको. मुलीला नेमकं तेच हवं होतं. एक खोली, छपरावर सोलर, शेजारी पावसाच्या पाण्याची टाकी. कुणाच्या तारेवर आणि कुणाच्या मेहेरबानीवर जगायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

कातळ तिच्या आजोळचा होता. मामाने अट घातली होती, "पावसाआधी छप्पर चढलं तर जागा तुझी. नाही चढलं तर खाणवाल्या शेठला देऊन टाकतो." शेठला तिथे राहायचं नव्हतं. त्याला कातळ कापून चिरे काढायचे होते.

मुलगी कॉलेजात बांधकाम शिकलेली होती. पण कागदावरच्या घराला ऊन-वारा लागत नाही, एवढं तिला कळत होतं. म्हणून ती गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याकडे गेली. त्याच्या स्वतःच्या घराची भिंत वरपासून खालपर्यंत तडकलेली होती. ती पाहून मुलगी क्षणभर बिचकली. पण पंचक्रोशीत दुसरा जाणता गवंडी नव्हता.

"मला बांधून देऊ नका, शिकवा," ती म्हणाली.

"शिकवतो," म्हातारा म्हणाला. "पाणी मात्र तू आणायचंस."

झरा डोंगराच्या पायथ्याशी होता. रोज सकाळी मुलगी डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन धापा टाकत वर यायची. म्हातारा ते सगळं पाणी कातळावर ओतून द्यायचा, आणि शेजारी बसून एकटक बघत राहायचा. दुसऱ्या दिवशी दहा पावलं पलीकडे पुन्हा तेच.

जागा तर मुलीने केव्हाच हेरली होती. सर्वांत उंच, सपाट आणि खाडी दिसणारी. तिथे चुन्याने चौकोनही आखून ठेवला होता.

"आजोबा, हे काय चाललंय?"

"बघतोय."

"काय बघताय?"

"पाणी."

वडीलधाऱ्यांची ही तऱ्हा तिच्या ओळखीची होती. उत्तर मुठीत धरायचं आणि लहानांना त्या मुठीभोवती नाचवायचं. ती मनातल्या मनात चरफडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हंडा उचलायची.

आठव्या दिवशी शेठ जीप घेऊन आला. ओला कातळ पाहून त्याला हसू आवरेना. "काय हो, अभिषेक चाललाय? चालू द्या. पाऊस पडला की येतोच मी मशीन घेऊन."

जीप वळणाआड गेली आणि मुलीचा संयम सुटला. "आठ दिवस, आजोबा! आठ दिवस मी हमालासारखी पाणी वाहतेय. तुम्हाला जे माहीत आहे ते एकदाचं सांगून टाका ना!"

म्हाताऱ्याने खिशातून एक पुडी काढली. शिमग्यात उरलेला गुलाबी रंग होता तो. हंड्यात रंग कालवून त्याने ते पाणी तिच्या चुन्याच्या चौकोनात ओतलं. बघता बघता कातळाने ते पिऊन टाकलं.

"चल," तो म्हणाला.

दोघं उतारावरून वीस हात खाली गेली. मुलगी कपाळावरचा घाम पुसत तिथल्या एका भेगेकडे बघत उभी राहिली. थोड्या वेळाने त्या भेगेतून गुलाबी धार पाझरू लागली.

मुलीने खाली बसून धारेत बोट बुडवून पाहिलं. तिने आखलेल्या घराखालचा कातळ आतून पोकळ होता.

"आणि काल जिथे ओतलं," म्हातारा म्हणाला, "तिथलं डबकं अजून तसंच आहे. घर तिथे."

"पाणी साचतं तिथे?"

"साचतं, कारण खाली भेग नाही. साचलेलं पाणी चर खणून काढता येतं. पोकळी काही भरता येत नाही."

मुलगी विचारात पडली. मग एकदम उठली. "मग तो चर टाकीतच सोडला तर? पावसाचं पाणी आपोआप भरेल!"

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. "हे मला कधी सुचलं नव्हतं."

"पण आजोबा, हे सगळं पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"पहिल्या दिवशी मला तरी कुठे माहीत होतं?" म्हातारा म्हणाला. "पोरी, कातळ वरून सगळा सारखाच दिसतो, आतून प्रत्येक निराळा. मी तीस घरं बांधली. अठ्ठावीस वेळा आधी पाणी ओतून पाहिलं. दोनदा नाही पाहिलं. म्हटलं, आता आपल्याला कळतंच की. ती दोन्ही तडकली. त्यातल्या एकात मी राहतो."

"मग 'माहीत नाही' एवढं तरी म्हणायचं होतंत! मी आठ दिवस तुम्हाला शिव्या घातल्या, मनात."

"ऐकू येत होत्या," तो हसला. "काय करू? लोक इतकी वर्षं 'तुम्हाला माहीतच असणार' म्हणत आले. ते दोन शब्द जिभेवरच येईनात."

वैशाख संपण्याआधी डबक्याच्या जागी खोली उभी राहिली आणि तिच्यावर छप्पर चढलं. शेठची जीप पुन्हा वर आली नाही.

पुढच्या हिवाळ्यात खालच्या वाडीतलं एक जोडपं सड्यावर आलं. म्हातारा मुलीच्या पायरीवर ऊन खात बसला होता. जोडप्याने मुलीला पलीकडचा कातळ दाखवून विचारलं, "ताई, इथे आमचं घर होईल का?"

"होईल की, सह..." म्हणता म्हणता ती थांबली. "माहीत नाही. पाणी ओतून बघू या."

"मला म्हातारपण आलं तरी हे बोलता येत नव्हतं," पायरीवरून आवाज आला. "हिने वर्षाच्या आत उरकलं. घाईच फार आहे पोरीला!"

असं म्हणून तो गुडघ्यावर हात टेकून उठला, कळशी उचलली आणि झऱ्याची वाट उतरू लागला.