चुलीवाचून शिजलेला भात

फार पूर्वी घडलेली ही गोष्ट. इतकी पूर्वी, की ते राज्य नेमकं कुठे होतं हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. ऐकणाऱ्यांत लहान असतील त्यांनी पुढे सरकून बसावं, आणि मोठ्यांनी पेंगू नये. गोष्ट दोघांच्याही कामाची आहे.

एका डोंगराच्या माथ्यावर गड होता आणि पायथ्याशी गाव. गडावर राजा राहायचा, गावात भात पिकायचं. राजाचा वाटा गाव दर वर्षी बिनतक्रार वर पोचता करी. पण त्या वर्षी राजपुत्राचं लग्न निघालं. पंगतींवर पंगती उठल्या, गडावरची कोठारं रिकामी झाली, तरी पाहुणे काही हलेनात. तेव्हा राजाने हुकूम सोडला, "गावाने बियाणं ठेवलंय ना, तेही वर आणा."

गावाने निरोप धाडला, "पिकलेलं मागा, देऊ. पेरायचं मागू नका."

राजा संतापला. त्याला संतापायला तसं फार कारण लागत नसे. बियाणं लुटून नेलं असतं तर लोकांनी त्याला दरोडेखोर म्हटलं असतं, आणि नावाला तो फार जपायचा. गावाने आपल्या हातांनी, मान खाली घालून ते आणून द्यावं असं त्याला हवं होतं. त्याचे शिपाई खाली उतरले. त्यांनी घराघरातल्या चुली फोडल्या, मडकी-तपेली उचलून नेली आणि दवंडी पिटली, "बियाणं गडावर पोचेपर्यंत गावात चूल पेटणार नाही! जिथे धूर दिसेल ते घर जाळलं जाईल!"

त्याच गावात सगुणा राहत होती. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि नुकतीच तिला मुलगी झाली होती. बाकीचं गाव भिजवलेले पोहे, काकड्या, केळी खाऊन दिवस ढकलू लागलं. पण बाळंतिणीच्या पोटात गरम काही जाईना. तिचं दूध आटत चाललं. तान्ही रडायची, मग रडायचीही थकली. तिचं ते गप्प होणं सगुणाला ऐकवेना.

ती उठली, बांबूच्या बेटातून हिरवंगार जाडजूड पेर तोडून आणलं. त्यात धुतलेले तांदूळ आणि पाणी घातलं, तोंडाला पानांचा बोळा कोंबला आणि परसात काटक्या पेटवून ते पेर विस्तवावर तिरकं टेकवलं. आत भात रटरटू लागला होता, तेवढ्यात धूर पाहून गावात पहाऱ्यावर असलेला हवालदार धावत आला. त्याने लाथेने विस्तव उधळला.

"घर जाळायला हवं तुझं," तो म्हणाला. "घरात बाळंतीण आहे म्हणून सोडतो. पुन्हा धूर दिसला तर माझा नाइलाज आहे, बाई."

"तुमचा नाइलाज तुमच्यापाशी ठेवा," सगुणा म्हणाली. "माझ्या घरात भूक आहे."

संध्याकाळी गाव पारावर जमलं. सगळ्यांत वडीलधारे आप्पा होते. ते खाली बघूनच बोलले, "पोर जाईल, सगुणा. बियाणं देऊन टाकू. पुढचं पुढे बघता येईल."

"आज नात जगावी म्हणून बियाणं देता, आप्पा. मग पुढच्या वर्षी तिच्या तोंडात काय घालाल? माती?" सगुणाचा आवाज चढला. "अन् एकदा दिलं की दर वर्षी मागेल तो. मला उद्याचा दिवस द्या. उद्या माझ्या लेकीला गरम भात मिळाला नाही, तर मीच डोक्यावर बियाणं घेऊन गड चढते!"

गावाबाहेर, ओढ्याच्या वरच्या अंगाला उन्हाळं होतं, म्हणजे कढत पाण्याचा झरा. खालच्या कुंडात खरूज झालेली माणसं अंघोळी करायची. वर, जिथे तो खडकातून उकळत बाहेर यायचा, तिथे देवीचा शेंदूर लावलेला दगड होता आणि तिथल्या पाण्यात कुणी बोटही बुडवत नसे. सकाळ होताच सगुणा तांदळाची पुरचुंडी घेऊन तिथे निघाली, तशी गावाची पाचावर धारण बसली.

"देवीच्या पाण्यात भात शिजवणार? कोपेल ती!" तिच्यामागे येत आप्पा म्हणाले.

"देवी काय लेकुरवाळी नाही? तिला बाळंतिणीची भूक कळत नसेल, तर कोपू दे खुशाल!"

तिने पुरचुंडी काठीला बांधून झऱ्याच्या तोंडाशी सोडली. वाफ तर तिथे बारा महिने असायचीच. गडावरून पाहणाऱ्याला त्यात नवं काय दिसणार? बऱ्याच वेळाने तिने पुरचुंडी वर काढली, गाठ सोडली, आणि तिचा चेहरा पडला. बाहेरच्या तांदळाचा चिखल झाला होता आणि आतला तांदूळ दाताखाली कचकन वाजत होता.

आप्पा माळ्यावरचं बियाणं उतरवायला सांगण्यासाठी गावाकडे वळलेसुद्धा.

सगुणाला रडू फुटलं. डोळे पुसता पुसता तिने हातातल्या फडक्याकडे पाहिलं, आणि तिला स्वतःचाच राग आला. तिने ते बाजारातून मीठ आणायला बांधावं तसं करकचून बांधलं होतं. तांदूळ फुगायचा कुठे? पाणी आत शिरायचं कसं?

"आप्पा, थांबा!" ती ओरडली. "दिवस मावळलेला नाही अजून!"

या वेळी तिने तांदूळ आधी भिजवले. मोठं फडकं घेतलं, पुरचुंडी सैल बांधली आणि झऱ्याच्या तोंडाशी सोडून काठी धरून उभी राहिली. वाफेने हात भाजले तरी तिने काठी सोडली नाही. उन्हं कलली तेव्हा तिने पुरचुंडी उघडली. आत भात होता. मऊ, गरम, दाणा न् दाणा फुललेला. एवढा आनंद तिला लेक जन्मली तेव्हाच झाला असेल. केळीच्या पानात भात घेऊन ती घराकडे धावत सुटली. लेक जेवली. रात्री तान्ही पोट भरून प्याली आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव पुरचुंड्या घेऊन झऱ्यावर हजर!

आता राजाची एक गंमत ऐका. गावात पहारा देणाऱ्या शिपायांना जेवण कुठून यायचं? गावातूनच. रोज एका घराची पाळी असायची. चुली फोडण्याचा हुकूम देताना महाराजांच्या हे ध्यानातच राहिलं नाही. शिपाई चणे-फुटाणे चावून चावून जेरीस आले होते. त्यात झऱ्याची बातमी गडावर पोचली आणि नवा हुकूम उतरला: झरा दगडांनी बुजवा.

हवालदार माणसं घेऊन झऱ्यावर आला. सगुणा वाटेत उभी राहिली.

"बुजवा. पण आधी इथल्या सगळ्यांसमोर सांगा, तुम्ही शेवटचं गरम कधी जेवलात?"

भाताचा वास सुटला होता. मागच्या शिपायांनी हातातले दगड एक एक करून खाली ठेवले. सगुणाने पान पुढे केलं. हवालदाराने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि तिथेच खडकावर मांडी घालून जेवायला बसला.

हे कळताच राजा स्वतः घोड्यावर बसून गड उतरून आला. पाहतो तर त्याचे शिपाई गावकऱ्यांच्या पंगतीत!

"उठा! झरा बुजवा!" तो गरजला.

एकही जण उठला नाही. राजाने पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने. हवालदाराने पानावरचा भात कालवला आणि घास घेतला. मग मात्र राजाचा आवाज खाली आला.

"बरं," तो म्हणाला, "बियाणं राहू दे तुमचं. माझी परवानगी आहे. चुली बांधा."

सगुणा भाताने माखलेले हात कमरेवर ठेवून म्हणाली, "चुली आमच्या, महाराज. आम्हाला वाटेल तेव्हा बांधू. तुमची परवानगी तुम्ही परत घेऊन जा."

राजा आला तसा एकटाच गड चढून गेला. पुढे त्याने पुष्कळ हुकूम काढले, पण ते घेऊन खाली यायला त्याला माणूस मिळाला नाही. गावाने त्या वर्षी बियाणं पेरलं. सगुणाची नात मुठी चोखत बांधावर झोपली होती.

लक्षात ठेवा, आपला घास शिजवण्याची वाट ज्याला स्वतः शोधता येते, त्याला भुकेची भीती दाखवून कुणीही वाकवू शकत नाही.