फुललेला बांबू आणि राजाचा अमात्य

पूर्वी उदुंबर नगरात जयसेन राजाचे राज्य होते आणि बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. राज्याच्या उत्तरेला महावन पसरले होते. सैन्याचे हत्ती त्या वनातून येत आणि नगराला पाणीही तिथल्याच झऱ्यांचे मिळे. पुढे वन विरळ होऊ लागले. तेव्हा बोधिसत्त्वाने तीन वर्षे टेकड्या आणि ओढे पायी हिंडून वन राखण्याची एक योजना आखली. बारा वर्षे वनात कुऱ्हाड न्यायची नाही, बांबू तोडायचा नाही आणि हिवाळा सरताना वनवासी पालापाचोळा जाळीत तोही जाळायचा नाही, असे तिच्यात होते.

राजाला योजना फार आवडली. तो म्हणाला, "उद्याच आज्ञा काढू."

"महाराज, वनाच्या आधाराने जे जगतात त्यांना आधी विचारू या," बोधिसत्त्व म्हणाला. "पौर्णिमेपर्यंत मुदत द्यावी."

राजाने होकार दिला. गावोगाव दवंडी पिटली गेली. वनाच्या तोंडाशी एका शाल वृक्षाखाली बोधिसत्त्व रोज सकाळपासून बसू लागला. कुंभार आले, मध काढणारे आले, गुराखी आले. जो जे बोलेल ते लेखक ताडपत्रावर उतरून घेई. कुंभारांना माती आणण्याची वाट मोकळी मिळाली, गुराख्यांना एक कुरण मिळाले. पौर्णिमा झाली, ताडपत्रे बांधली गेली आणि राजमुद्रा उमटायची तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन बायका खांद्यावर काठी घेऊन आल्या. काठीला झोळी होती आणि झोळीत एक अतिशय म्हातारी बाई बसली होती. तिचे नाव खदिरा. त्या बायका तिच्या सुना होत्या आणि चार दिवस चालून आल्या होत्या.

लेखक म्हणाला, "आजी, मुदत काल संपली."

"दवंडी आमच्या पाड्यावर आली तीच पाच दिवसांपूर्वी," खदिरा म्हणाली. "मी आणखी लवकर कशी येऊ, बाबा?"

बोधिसत्त्व थकला होता. योजना पुरी झाली होती, दरबारात तिची वाहवा झाली होती. ती ताडपत्रे पुन्हा सोडावीत असे त्याला वाटेना. मनातली ही टाळाटाळ त्याच्या ध्यानात आली आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो उठला, त्याने म्हातारीला झोळीतून उतरवून आपल्या आसनावर बसवले आणि आपण समोर जमिनीवर बसला.

"बोला, आजी."

"बांबूला फुलोरा येतोय," ती म्हणाली. "मी न्हाती झाले नव्हते तेव्हा एकदा आला होता. फुलला की सगळा बांबू मरतो, लेकरा. दुसऱ्या उन्हाळ्यात वाळून खडखडीत होतो. तेव्हाच्या राजानंही वन बंद केलं होतं. कुणी तोडला नाही, कुणी पाला जाळला नाही. मग वणवा लागला तो सात दिवस विझला नाही. माझा बाप गेला, दोन भाऊ गेले. हत्तिणी पिल्लांना सोडून हलल्या नाहीत, त्याही गेल्या."

"हे पाहिलेलं आणखी कुणी आहे?"

"मी एकटीच उरले आहे."

 बोधिसत्त्वाने विचारले, "तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"आधी वाळलेला तोडू दिला असता. पाड्यांभोवती, झऱ्यांभोवती पट्टे मोकळे केले असते. मग बी रुजलं की खुशाल वन बंद कर. कोवळ्या कोंबांना राखण लागतेच. तुझं चुकलं नाही, तुला घाई झाली."

बोधिसत्त्व तिच्याबरोबर चार दिवस चालत गेला. बांबूच्या शेंड्यांना गव्हाच्या लोंब्यांसारखा फुलोरा लटकत होता. तिने दाखवलेल्या जागी त्याने जमीन खणली. वीतभर खाली कोळशाचा काळा थर लागला.

नगरात परतून त्याने हे भर दरबारात सांगितले. राजा संतापला. "ही योजना तुमचीच ना? शेजारच्या राजांना आम्ही ती कळवली आहे. एका म्हातारीच्या बोलण्यावरून आता ती फिरवायची?"

"योजना माझी, महाराज, आणि चूकही माझीच. मला पदावरून दूर करा, पण दोन वर्षे वन बंद करू नका."

राजाने त्याला पदावरून दूर केले. तरी त्याच्या शब्दाला मान देऊन वन दोन वर्षे उघडे ठेवले. उत्तरेची टेकडी तेवढी आपल्या शिकारीसाठी राखली आणि तिथे कुणाला पाऊल टाकू दिले नाही.

बोधिसत्त्व पाड्यावर जाऊन राहिला. वनवासी लोकांबरोबर तो वाळलेला बांबू तोडू लागला. त्याच्या हाताला घट्टे पडले. दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात खदिरा वारली. तिच्या चितेसाठी लोकांनी तोच वाळलेला बांबू रचला.

त्या उन्हाळ्यात वीज पडून राजाच्या टेकडीला आग लागली. टेकडी तीन दिवस जळत राहिली. खाली उतरलेली आग मोकळ्या पट्ट्यापाशी येऊन थांबली. पाडे वाचले, झरे वाचले, हत्तींचे कळप वाचले.

राजा आला तेव्हा टेकडीवरून अजून धूर निघत होता.  त्याने विचारले, "ती म्हातारी कुठे आहे? मला तिच्याशी बोलायचं आहे."

"ती आता नाही, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "पण तिच्या सुना आहेत."

राजा हत्तीवरून उतरला, राखेतून चालत त्या दोघींपाशी गेला आणि हात जोडून म्हणाला, "मला सांगा, आता पुढे काय करायचं?"

ही कथा सांगून शास्ता भगवान बुद्ध भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा राजा म्हणजे आजचा आनंद. खदिरा म्हणजे महाप्रजापती गौतमी. आणि तो अमात्य मीच होतो. भिक्षूंनो, आपले जाणणे अपुरे आहे हे ओळखून जो दुसऱ्याचे ऐकतो, त्याच्या त्या ऐकण्यालाच प्रज्ञा म्हणतात."