मधमाश्यांची पसंती

मधमाश्यांच्या शास्त्रज्ञ डॉ. मंदाकिनी टिळेकर सरकारी सत्काराला ढगळ पांढऱ्या सदरा-लेंग्यात गेल्या आणि वर्तमानपत्रांतून एकच गहजब उडाला. त्यांच्या संशोधन संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब काळा कोट चढवून, अत्तर चोपडून, पत्रकारांसह थेट मधपेट्यांपाशी आले.

"बाई, हे शोभतं का तुम्हाला? कपडे बदला, नाहीतर पद सोडा!"

"बदलते की. पण हे मी माश्यांसाठी घालते. त्यांनाच विचारू या," म्हणत बाईंनी पेटीचं झाकण उचललं.

माश्यांना काळ्या रंगाचं आणि अत्तराचं भारी वावडं. बाईंना सोडून त्या आबासाहेबांभोवती घोंगावू लागल्या. कोट भिरकावून आबासाहेब जवळच्या खोलीत पळाले. दाराआडून आवाज आला, "बाई, तसला आणखी एक सदरा आहे का हो?"

"आहे की! पण आबासाहेब, तुम्हाला शोभेल का?"