एवढं मोठं माळरान

"मुलींना संडास कशाला? एवढं मोठं माळरान मोकळं पडलंय की!" असं म्हणून सभापती आबासाहेब डांगे यांनी शाळेची मागणी हसण्यावारी नेली होती. आषाढात त्याच माळावर तिसरीतली पल्लवी साप चावून गेली.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाचे पाहुणे म्हणून आबासाहेबच आले. हेडबाई लोखंडेबाईंनी त्यांना आग्रह करकरून तांब्याभर ताक पाजलं. भाषणं लांबली, तसे आबासाहेब चुळबुळू लागले.

"बाई, जरा जाऊन यायचंय. कुठं जाऊ?"

बाईंनी माळाकडे बोट केलं. "पल्लवीला साप चावला, तिथंच."

आबासाहेबांचा पाय उचलेना. "मग तुमच्या मुली करतात तरी काय?"

"घरून निघाल्यापासून परत घरी जाईपर्यंत पाणी पीत नाहीत, साहेब."